ऐकणाऱ्याचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईत 'सव्वीस जुलै' म्हटलं की साल सांगावं लागत नाही. तरी त्या वर्षी जन्मलेली मुलं आता कॉलेजात आहेत, म्हणून सांगतो : २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. मिठी नदीचं नाव त्या दिवशी देशभर झालं. आमच्या दहिसर नदीचं तेवढं झालं नाही. पण राष्ट्रीय उद्यानातून उतरून मनोरीच्या खाडीकडे जाताना तीही वाटेत मिळेल ते घेऊन गेली.

आम्ही तेव्हा नदीपासून दोन गल्ल्या आत, चाळीत राहत होतो. संध्याकाळी वीज गेली. घरातला फोन मुका झाला. मोबाइल एकच होता, त्यावर नंबर लावला की नुसतं टूं टूं. धाकटा भाऊ अंधेरीला कामाला, तो आलेला नव्हता. अम्मी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन उभी राहायची. शेवटी शेजारच्या काकूंनी कपाटावरचा जुना ट्रान्झिस्टर काढला. त्यात सेल नव्हते. मग एक सेल त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळातला आणि एक आमच्या घड्याळातला, असे दोन जमवले. दोन्ही घरांतली घड्याळं थांबली आणि रेडिओ सुरू झाला. बातम्यांत सांगत होते की लोकल बंद आहेत, लोक आहेत तिथेच थांबले आहेत, हजारो लोक कार्यालयांत आणि गाड्यांत रात्र काढणार आहेत. त्या बातमीत माझ्या भावाचं नाव असायचं कारण नव्हतं, पण तो त्या बातमीत होता. अम्मी दारातून आत येऊन बसली. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत आला.

पुढे मी या रात्रीचा पुष्कळदा विचार केला. मी विज्ञानाचा माणूस नव्हे, बी.ए. झालो आणि कविता लिहितो. पण हा प्रश्न सुटेना की त्या रात्री मोबाइल मुका का झाला आणि रेडिओ बोलत का राहिला? माहीतगारांना विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा समजलं की हा नशिबाचा भाग नव्हता. दोघांच्या घडणीतच फरक आहे. मोबाइलला प्रत्येक बोलणाऱ्यासाठी वेगळी वाट द्यावी लागते. जवळच्या टॉवरकडे अशा वाटा मोजक्या असतात. सगळ्या वस्तीनं एकदम फोन लावला की त्या संपतात, आणि वीज गेली की टॉवरची बॅटरीही काही तासांत संपते. रेडिओच्या प्रक्षेपकाला यातलं काहीच करावं लागत नाही. तो एकदाच बोलतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याला लागणारी वीज तेवढीच. कोण ऐकतंय हे त्याला ठाऊकच नसतं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. 'आता सगळं डिजिटल झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबतो. पहिली गोष्ट अशी, की आवाज आणि चित्र आता आकड्यांच्या रूपात जातं. दुसरी अशी, की पूर्वी एकाच वेळी सगळ्यांकडे जाणारी गोष्ट आता मागेल त्याला, एकेकट्याला, त्याच्या पत्त्यावर पोचवली जाते. पहिला बदल इंजिनियरांचा आहे आणि त्यात नुकसान फारसं नाही. दुसऱ्याचा हिशेब मात्र आपण मांडलेलाच नाही.

मालाडला मार्वे रस्त्याच्या बाजूला आकाशवाणीचे उंच मनोरे दिसायचे. लहानपणी मला वाटे, गाणारी माणसं त्यांच्या टोकाला बसत असावीत. मनोऱ्यावर काही बसवलेलं असतं हाच आपला समज असतो. मध्यम लहरींच्या, म्हणजे मीडियम वेव्हच्या बाबतीत तो मनोराच अँटेना असतो, सगळा लोखंडी खांबच बोलत असतो. मुंबई 'ब' केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर लागे. म्हणजे सेकंदाला ५ लाख ५८ हजार आंदोलनं, आणि एकेका लाटेची लांबी सुमारे ५३७ मीटर. अर्धा किलोमीटर लांबीची लाट जमिनीला धरून चालते, टेकडी आडवी आली तर वळसा घालते. जमीन ओली आणि खारट असली तर आणखी लांब जाते, म्हणून खाडीकाठची दलदल, जी घर बांधायला निरुपयोगी, ती अशा मनोऱ्यांना मानवते. रात्री हीच लाट आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत खाली येते आणि दूरच्या जिल्ह्यांत ऐकू जाते. म्हणून अब्बा रात्री काटा हळूहळू फिरवत कुठकुठली स्टेशनं पकडत बसायचे.

या लाटेवर आवाज चढवायची रीत साधी होती. आवाज मोठा तर लाट उंच, आवाज लहान तर लाट बुटकी. पण विजेचा कडकडाटही लाटेची उंचीच बदलतो, म्हणून पावसाळ्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त. एफएममध्ये उंची तशीच ठेवून आंदोलनांची संख्या कमीजास्त करतात, तिथे विजेचं काही चालत नाही. आवाज स्वच्छ येतो, पण एफएमची लाट जेमतेम तीन मीटरची आणि सरळ रेषेत चालणारी. डोंगराआड गेलात की ती सोडून देते. खरखर सोसली तर लांब पोचता येतं, हे मध्यम लहरींचं तत्त्व कवीला पटणारं आहे.

मुंबईचं पहिलं नियमित केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. ते सरकारी नव्हतं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं होतं. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट आणि पल्ला तीसेक मैलांचा. दहिसर चर्चगेटपासून चाळीस किलोमीटरच्या आतच, म्हणजे त्या पल्ल्यात होतं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं. मुंबईच्या हद्दीत आलं १९५७ मध्ये. पण मुंबई यायच्या तीस वर्षं आधी मुंबईचा आवाज या भाताच्या खाचरांवरून जात होता. तो पकडायला घरात यंत्र नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांना वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढावा लागे. कंपनीचं उत्पन्न मुख्यतः त्यातूनच. पण चोरून ऐकणाऱ्याला पकडायचं कसं? तारेतून येणारी वीज तोडता येते, हवेतून येणारा आवाज कसा तोडणार? यंत्रं महाग, परवाने थोडे, आणि १९३० च्या आरंभी कंपनी बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. परवाना मात्र राहिला. आमच्याही घरी पोस्टाचं एक पुस्तक होतं, त्यात दरवर्षी तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचं. ते काम अब्बा माझ्याकडे देत आणि ती रांग मला मुळीच आवडत नसे. ऐंशीच्या दशकात परवाना रद्द झाला, आणि आपल्या घरात रेडिओ आहे एवढी जी सरकारदरबारी नोंद होती, तीही पुसली गेली. आता आपल्याला कोणीच मोजत नव्हतं.

ऐकणारा अज्ञात राहतो याचा अर्थ काय, हे मुंबईनं १९४२ मध्ये पाहिलं आहे. ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत, जागा पुन:पुन्हा बदलत, तो बोलत राहिला. पोलिसांच्या गाड्या दिशा शोधणारी यंत्रं घेऊन फिरत होत्या. अखेर ते पकडले गेले. पण पकडले गेले ते बोलणारे. प्रक्षेपक लाट सोडतो म्हणून त्याची दिशा काढता येते. दार लावून, आवाज बारीक करून ऐकणारा माणूस काहीच सोडत नाही, त्याला शोधायला यंत्र कुठून आणणार? त्या अडीच महिन्यांत काँग्रेस रेडिओ कोणी कोणी ऐकला, याची यादी ब्रिटिशांना करता आली नाही आणि आपल्यालाही करता येणार नाही. आज असा एखादा आवाज इंटरनेटवरून ऐकायचा म्हटलं तर यादी आपोआप तयार होईल, कारण ऐकणं म्हणजे आधी मागणं, आणि मागणारा पत्ता दिल्याशिवाय मागू शकत नाही.

म्हणून प्रसारणाच्या काळात ऐकणारे मुके होते असं मात्र नाही. ज्याला वाटे तो आपला पत्ता स्वतः देई. 'आपली आवड'साठी पोस्टकार्डं जात, विविध भारतीच्या फर्माइशींनी झुमरी तलैया नावाचं गाव भारतभर माहीत करून दिलं. त्याहून मोलाचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला आणि तो आपण विसरलो. १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या मदतीनं, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभांसारखी मंडळं स्थापन झाली. प्रत्येक मंडळात वीसेक गावकरी. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीवरचा, गावकारभारावरचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग त्यावर बोलायचं आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतले पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, तेव्हा मंडळातल्या गावकऱ्यांची जाण स्पष्टपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढली नाही. फरक यंत्राचा नव्हता. वीस माणसं एका वेळी तेच ऐकून लगेच एकमेकांशी बोलत होती, त्याचा होता. पुढे मुंबई दूरदर्शनवर आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमानं गावोगावी ज्ञानदीप मंडळं उभी केली, त्यांचं मूळ स्वभावानं हेच.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकात रेडिओवर मी एक कविता वाचली. कोकणातल्या एका घरातली बाई आखाती देशातल्या नवऱ्याच्या पाकिटाची वाट बघते, अशी ती कविता. कार्यक्रम झाला, संपला. त्याची फीत आज कुठे नाही. तेव्हा फिती महाग, पुसून पुन्हा वापरायच्या ही जगभरची रीत होती. तीन आठवड्यांनी म्हसळ्याकडच्या एका गावातून पोस्टकार्ड आलं. अक्षर मुलाचं असावं, मजकूर आईचा. कविता आवडली वगैरे एका ओळीत. मग लिहिलं होतं : तुम्ही पाकिटातून पैसे येतात म्हटलंत, तसं नसतं. पाकिटातून ड्राफ्ट येतो, तो वटायला पंधरा दिवस लागतात, वाट त्याचीही बघावी लागते. तेवढं दुरुस्त करा.

मी दुरुस्त केलं. कवितेला शेवट मिळाला तो त्या कार्डामुळे.

आता दूरचित्रवाणीकडे येतो. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून भराभर सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे वरळीला सुमारे तीनशे मीटरचा मनोरा उभा राहिला आणि उपनगरांतल्या गच्च्यांवरच्या सगळ्या अँटेना दक्षिणेकडे तोंड करून बसल्या. कावळा बसला की चित्र हलायचं. मग एकानं गच्चीवर जाऊन दांडा फिरवायचा आणि खालून दुसऱ्यानं ओरडायचं, 'आलं, आलं, गेलं!' १९८२ मध्ये रंग आले. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी उपग्रहावरून युद्ध दिसू लागलं. कुवेतला नातेवाईक असलेल्या आमच्यासारख्या घरांना ते युद्ध दूरचं नव्हतं. मग झाडावरून खांबावर, खांबावरून चाळीवर अशी केबलची काळी तार आली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी, अशा खासगी मराठी वाहिन्या आल्या.

पण ही तारही मूळ वळणाचीच होती. सगळ्या वाहिन्या सगळ्यांच्या घरापर्यंत आणून सोडायच्या, बघणारा काय बघतो ते त्याचं तो जाणे. केबलवाल्याचा मुलगा महिन्याला पैसे न्यायला यायचा तेव्हा 'किती टीव्ही आहेत' एवढंच विचारायचा, आणि आपण खोटं सांगायचो. हे संपलं १ नोव्हेंबर २०१२ पासून. मुंबईत केबल डिजिटल झाली आणि घरात सेट टॉप बॉक्स आला. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक. मधल्या यंत्रणेकडून संदेश सगळ्यांकडेच जातो, पण त्यात 'अमुक क्रमांकाला अमुक वाहिन्या उघड' असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक बॉक्स आपलं नाव आलं की तेवढंच ऐकतो. हजेरीपटासारखं. चित्र स्वच्छ झालं, करचुकवेगिरी कमी झाली, यात वाद नाही. पण या शहरात बघणाऱ्याला कायमचा क्रमांक मिळाला तो त्या दिवशी. तरी बॉक्सला उलट बोलता येत नसे. आपण काय बघतो हे जाणायला वाहिन्यांना अजून काही हजार निवडक घरांतल्या मीटरांवर आणि अंदाजावरच भागवावं लागत होतं.

ती उणीव मोबाइलनं भरून काढली. यासाठी पहिला बदल, आवाजाचे आकडे होण्याचा, थोडा समजून घ्यावा लागेल. सीडीवर गाणं भरताना आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि ते आकडे ओळीनं लिहून ठेवतात. आकड्यांचा ढीग मोठा होतो. मग माणसाच्या कानाला जे तसंही ऐकू येत नाही, उदाहरणार्थ ढोलाच्या दणक्याखाली दबलेली बारीक किणकिण, ते गाळून टाकतात. ढीग दहा-बारापट लहान होतो आणि फोनच्या वाटेनं जाऊ शकतो. आकड्यांची नक्कल मुळाबरहुकूम होते, शंभराव्या नकलेतही खरखर वाढत नाही. माझी पुसली गेलेली फीत आज असती तर पुसायचं कारणच पडलं नसतं, जागा आता एवढी स्वस्त आहे. जुन्या कलावंतांचे आवाज मला मध्यरात्री ऐकता येतात ते याच आकड्यांमुळे. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर रिक्षात, भाजीच्या गाडीवर, नदीकाठच्या झोपडीत हे सगळं पोचलं. पूर्वी रेडिओवर कविता वाचायला बोलावणं यावं लागे. आता गल्लीतली मुलगी स्वतःचं भाषण रेकॉर्ड करून जगापुढे ठेवते, परवानगी मागत नाही. हे छोटं नाही. मुसलमान माणूस मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर अजूनही लोकांच्या भुवया वर जातात. त्या भुवयांना ओलांडून थेट वाचकाकडे जायची वाट मलाही आता कुठे मिळाली आहे.

पण इंटरनेटवरचं 'थेट प्रक्षेपण' हे नाव फसवं आहे. लाखभर लोक एकच भाषण ऐकत असतील तर एक भाषण लाखांकडे जात नाही, बहुतेक वेळा लाख वेगवेगळ्या नकला लाख पत्त्यांवर रवाना होतात. मधल्या टप्प्यांवर साठे करून ठेवतात, म्हणून ओझं वाटलं जातं. तरी शेवटचा हात प्रत्येकासाठी वेगळाच. वाटेत तुकडे जमवून, रांगेत लावून मग वाजवतात, म्हणून उशीर होतो. घरात साधा रेडिओ आणि फोनवरचं अॅप एकाच केंद्रावर लावून बघा. तासाचे ठोके रेडिओवर पडून गेल्यावर वीस-तीस सेकंदांनी फोन ते मोजायला लागतो. क्रिकेटच्या दिवशी शेजारी 'आउट!' म्हणून ओरडतात तेव्हा आमच्या फोनवर गोलंदाज अजून धावत असतो. रोजा सोडायची वेळ मी तरी अशा घड्याळावर ठरवणार नाही.

पैशाचंही बघा. साध्या प्रतीचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट धरला तर तासाला जवळपास २९ एमबी डेटा लागतो. आज ही रक्कम किरकोळ वाटते. पण रेडिओला ती शून्य होती, आणि रिचार्ज संपला म्हणून तो कधी थांबला नाही.

आणि मोजणी. भाच्यानं हौसेनं माझी तीच कविता, ड्राफ्टवाली, मोबाइलवर चित्रित करून इंटरनेटवर टाकली. त्यानं मला आकडे दाखवले : ३१८ लोकांनी पाहिली. कुठल्या शहरांतून, कोणत्या वयाचे, फोनवर की संगणकावर, सगळं. कविता दोन मिनिटांची आहे. सरासरी माणूस चाळीस सेकंद थांबला. म्हणजे ड्राफ्टपर्यंत कोणी पोचलंच नाही. भाचा म्हणाला, "मामू, पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी आणा." त्याचं चुकत नाही. तो आलेख समोर असताना उत्पादक, निवेदक, कवी, सगळेच पहिल्या दहा सेकंदांसाठी लिहू लागतात. म्हसळ्याच्या बाईंबद्दल मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वय नाही, आधी किती ऐकलं नाही. त्यांनी स्वतः सांगितलं तेवढंच मला कळलं, आणि ते या आलेखापेक्षा माझ्या जास्त कामाचं होतं.

आता पुन्हा पावसाकडे. डिजिटल म्हणजे इंटरनेट असं काही निसर्गानं ठरवलेलं नाही. नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण त्या जागी डिजिटल प्रसारण आणलं : आकडेच, पण एकाकडून सगळ्यांना, पत्ता न विचारता. आपल्याकडेही मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक डीआरएम नावाच्या डिजिटल पद्धतीसाठी तयार केले गेले. अडचण अशी की ते ऐकायचा संच काही मोटारगाड्यांत मिळतो, भाजीवाल्याच्या गाडीवर नाही. दरम्यान दूरदर्शनचे जुने जमिनीवरचे प्रक्षेपक २०२१-२२ च्या सुमाराला मोजके पन्नासेक ठेवून बंद झाले आणि जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपकही ठिकठिकाणी आवरते घेतले गेले. खर्चाच्या वहीत ते बरोबर असेल. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा बीबीसीनं त्या भागासाठी लघु लहरींवरचं इंग्रजी बातम्यांचं प्रसारण दिवसाला चार तास पुन्हा सुरू केलं, ही नोंदही त्याच वहीत शेजारी करून ठेवावी.

गंमत अशी की मोबाइललाही अखेर प्रसारण शिकावं लागलं. २०२३ मध्ये देशभर कोट्यवधी फोन एकाच वेळी मोठ्यानं वाजले आणि पडद्यावर आपत्कालीन सूचनेची चाचणी आली, आठवत असेल. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर त्याच्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकदमच ओरडून सांगतो, कोणाचा नंबर लावत नाही, म्हणून गर्दीतही अडत नाही. फोनवर थेट प्रसारण उतरवायच्या, इंटरनेटशिवाय, चाचण्याही आपल्या देशात झाल्या आहेत. पण टॉवरचीच वीज गेली तर सेल ब्रॉडकास्टही मुका, आणि २००५ ला तेच झालं होतं. दूर मनोऱ्यावरून येणाऱ्या लाटेला आपल्या गल्लीतल्या विजेशी देणंघेणं नसतं.

पुष्कळ फोनांत एफएम पकडायची सोय आत असतेच. इअरफोनची तार तिला अँटेना म्हणून लागते. तारेचं भोक गेलं तसा रेडिओही गेला, आणि काही कंपन्यांनी सोय असूनही ती बंद ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं फोन बनवणाऱ्यांना ही सोय चालू ठेवावी असं कळवलं, कारण देताना आपत्तीचाच उल्लेख केला.

गेल्या पावसाळ्याआधी मी नवा फोन घ्यायला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो आणि विचारलं, यात रेडिओ आहे का. दुकानदार पोरगा म्हणाला, "काका, अॅप टाकून देतो ना." मी म्हटलं, नेट नसताना चालणारा. त्यानं चार फोन उघडून पाहिले, मग वर माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन खाली आला. दोन सेलवर चालतो. सेल त्यानं त्याच किमतीत दिले.